देवी उजव्या हाताला

ईशान आणि तारा,

तुमच्या शाळेच्या मैदानाचा फोटो मी फ्रिजच्या दारावर लावला आहे. विटेच्या रंगाची धावपट्टी, तिच्यावर सारख्या अंतरावर पांढऱ्या रेघा, कडेला कापलेलं गवत आणि प्रत्येक रेघेच्या तोंडाशी आकडा. नीटनेटकी गोष्ट पाहिली की मला बरं वाटतं. फोटोबरोबर ईशानने विचारलं होतं, "आजी, तुझ्या माहेरची मुलं कुठे पळतात?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण तेव्हा ते मलाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं सांगायची मला सवय नाही. जानेवारीत मी खानदेशात जाऊन आले. नाशिकला परतल्यावर बरेच दिवस हे कागद टेबलावर कोरेच पडून होते. आता क्रमाने लिहिते. तुमची आई तुम्हाला हे मोठ्याने वाचून दाखवणार असेल, तर तिने आधी एकदा मनात वाचावं. शेवट चांगला नाही.

जळगाव

गाडी उशिरा पोचली. फलाटावर नाना उभा होता. नाना म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. जन्मभर एसटीत ड्रायव्हर होता. निवृत्त झाला तरी खाकी शर्ट काही अंगावरून उतरलेला नाही. माझ्या तीन पिशव्यांना मी एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या बांधल्या होत्या. त्या बघून तो म्हणाला, "अक्का, तू एसटीमा ऱ्हाती ना, तर बठ्ठ्या गाड्या टायमावर निंघत्यात." बठ्ठ्या म्हणजे सगळ्या.

त्याच्या मागे एक उंच, सडसडीत मुलगी उभी होती. ओढणी कमरेला खोचलेली, वेणी गोल बांधून वर लाल रिबीन, पायात अंगठ्यापाशी शिवलेले धावायचे बूट. तिने वाकून नमस्कार केला आणि मी नको म्हणेपर्यंत तिन्ही पिशव्या घेऊन जिना चढूनही गेली. ती जयश्री, नानाची नात. घरात तिला जयू म्हणतात. मी आले होते ती तिच्यासाठीच. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेला ती त्याच आठवड्यात धुळ्यात उतरणार होती, आणि बरोबर कुणी शिकलेलं बाईमाणूस असावं असं तिच्या आईला वाटत होतं.

नानाने ओळखीतल्या कुणाची तरी जुनी व्हॅन आणली होती. तिचं सरकतं दार चालताना उघडायचं, म्हणून आत बसणाऱ्याने ते दोरीने धरून ठेवायचं. तो मान मला मिळाला. जळगाव मागे पडलं. एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला कापूस वेचून संपलेल्या पऱ्हाट्या, वाळून काळपट झालेल्या. नाना रस्त्यावरची नजर न काढता सगळं सांगत होता. जयू मागे बसून खिडकीबाहेर बघत होती, जणू गोष्ट दुसऱ्या कुणाची चालली होती.

जयूचा बाप, नानाचा थोरला मुलगा, आजारपणात गेला. जाण्याआधी त्याने नानाकडून शब्द घेतला की पोरीला एकदा भरतीला उतरू द्यायचं. एकदा. पुढे पारोळ्याचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शेती बघतो, मुलगी त्यांना पसंत. नानाने तिकडेही शब्द दिला. पोरगी भरतीत लागली तर लग्न दोन वर्षं पुढे, त्याला त्यांची हरकत नाही. नाही लागली तर आखाजीच्या आत उरकायचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवसांत लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. पुढची भरती कधी निघेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि थांबायची तयारी कुणाचीच नव्हती.

"लग्नानंतर पळता येईल की," मी म्हटलं. मागून जयू शांतपणे म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं आजी, पळताना काय घालतेस म्हणून." आणि ती पुन्हा बाहेर बघू लागली.

आम्ही चाललो होतो त्या हमरस्त्याचंही सांगितलं पाहिजे. तो रुंद करून झाला होता पण उघडला नव्हता, तेव्हा आसपासच्या गावांतली भरतीची मुलंमुली पहाटे त्याच्यावर पळत. गुळगुळीत, सरळ, रिकामं डांबर. इतका लांब ट्रॅक त्यांच्यासाठी मुद्दाम कुणी बांधला नसता. मग रस्ता उघडला. मुलं तरी तिथेच पळत राहिली, कारण दुसरी जागा नव्हती. एका धुक्याच्या पहाटे जयूच्या पुढे पळणारी तिची मैत्रीण ट्रकखाली गेली. जयूला तिची चप्पल तेवढी दिसली. त्या दिवशी नानाने तिचं रस्त्यावर पळणं बंद केलं. "मी बठ्ठी जिंदगी रस्त्यावर काढी," तो मला म्हणाला. "रस्ता मला माहीत शे." तेव्हापासून जयू पळते ती फक्त गावाबाहेरच्या मरीमायच्या मैदानावर.

गाव

धरणगावपासून थोडं आत नानाचं गाव आहे. माझं माहेरही तेच. जयूच्या आईने, सुनीताने, पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली होती. ती लाकडी बडगीत ठेचून, वर कांद्याची पात घालून केलेलं भरीत आणि सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. नाशिकला मी भरीत गॅसवर करते. त्याला तुम्ही भरीत म्हणता, कारण तुम्ही हे खाल्लेलं नाही. जयू उंबऱ्यावर उभी राहून जेवली. घास घेता घेता टाचा वर, खाली, वर, खाली. सुनीता तिच्याकडे बघायची आणि मान वळवायची. शेजारच्या बायका पाणी मागायच्या निमित्ताने डोकावून गेल्या. एकीने विचारलं, पोलीस झाल्यावर आम्हालाच दंडा मारशील का गं? जयू हसून म्हणाली, "तुम्हाला आधी." त्या दोन दिवसांत मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

सकाळी आम्ही मरीमायच्या मैदानावर गेलो. ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मैदानाच्या मधोमध चौथऱ्यावर देवीचं लहानसं देऊळ. दोन फळ्यांचं लाकडी दार, त्याला पितळी कडी. यात्रेला इथे बारागाड्या ओढतात: बैलगाड्या एकामागे एक जोडायच्या, वर माणसं खच्चून बसवायची, आणि बैलांऐवजी देवीचा भगत त्या ओढतो. ओढण्याआधी तो आणि त्याच्यामागे सगळं गाव देवीला फेऱ्या घालतं. किती पिढ्यांच्या त्या फेऱ्या, कोण जाणे. त्यांनी देवळाभोवती एक गोल वाट पडली आहे, बैलगाडी जाईल एवढी रुंद, माती दबून दबून फरशीसारखी झालेली. तिच्यावर कुणी गुरं बांधत नाही, उकिरडा करत नाही. पाऊस झाला तरी तिथे चिखल होत नाही. पळायला याहून चांगली जागा पंचक्रोशीत नाही.

जयूने बूट चौथऱ्याखाली काढले, दाराकडे बघून हात जोडले आणि पळायला लागली. चांगली पळत होती. आवाज होत नव्हता. पण पहिली फेरी संपायच्या आत मला काहीतरी खटकायला लागलं, भिंतीवरचं चित्र तिरकं असलं की खटकतं तसं. दुसऱ्या फेरीला कळलं. ती देवीला उजव्या हाताला ठेवून पळत होती.

तुम्हाला माहीत आहेच, पण लिहून ठेवते. कॉलेजात शिकवत असताना वार्षिक क्रीडास्पर्धांची व्यवस्था माझ्याकडे असे, मैदानावर फक्कीच्या रेघा मारून घेण्यापासून. शर्यतीच्या मैदानात डावीकडे वळत धावतात. मैदानाची आतली बाजू डाव्या हाताला. जयू दोन वर्षं, रोज, फक्त उजवीकडे वळत आली होती. तिचा उजवा खांदा वळणावर आपोआप खाली जाई, डावा पाय लांब पडे. सगळं अंग त्या एका बाजूला घडलं होतं, घडा चाकावर घडतो तसं.

ती थांबल्यावर मी विचारलं. तिने ओढणीने कपाळ पुसलं. "मोबाईलवर बघितलंय आजी, ते लोक तिकडून पळतात. पण गोल तो गोलच ना?" गावातली मुलंही याच वाटेवर पळत, याच बाजूने. पण ती सुट्टीच्या दिवशी जळगावला भरतीच्या शिकवणीच्या मैदानावर जात, तिथे त्यांचे पाय दोन्हीकडे वळायला शिकत. मुलींना तिकडे कुणी पाठवत नव्हतं. गावच्या शाळेत मैदान म्हणजे एक सरळ पट्टा. जयूला डावीकडे वळायची वेळच आली नव्हती.

मी नानाला म्हटलं, आजपासून हिला उलट बाजूने पळू दे. तो चौथऱ्याच्या पायरीवर बसला होता, तो उठूनच उभा राहिला.

"नई अक्का. आठे नई. उलटी फेरी मयतले ऱ्हास." उलटी फेरी मेलेल्या माणसाची. जिवंत माणसाला देवी उजव्या हातालाच पाहिजे.

ही प्रदक्षिणा नाही, सराव आहे, असं मी समजावलं. मी चांगलं समजावते, तो माझा व्यवसायच होता.

नाना म्हणाला, "देवीला काय माहीत, ती कशासाठी फिरते?"

मी जयूकडे पाहिलं. ती बुटांत पाय घालत होती. खाली मान घालूनच ती म्हणाली, "राहू दे आजी. परीक्षेच्या तोंडावर असं काही नको." बाप गेला तेव्हा तिने त्याच्याभोवती उलटी फेरी पाहिली होती. ते तिने बोलून दाखवलं नाही. सुनीताने मला नंतर सांगितलं.

धरणगाव

पण नानाही मनातून हलला होता. दुपारी तो आपण होऊन म्हणाला की धरणगावला एका शेठजींच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार आहे. पूर्वी मुली तिथे पळायच्या. कापसाचा हंगाम संपला की ते मोठं सिमेंटचं अंगण रिकामं असतं, वाटेल तसं वळा.

हंगाम संपलेला नव्हता. हे नानाला माहीत असायला हवं होतं, त्याच्या घरचा कापूसही तिथेच गेला होता. पण माणसाला हवं ते आठवतं. फाटकातून आत गेलो तर समोर पांढरे डोंगर. इतका कापूस की ऊन त्याच्यावर पडून डोळे दिपत होते. दोन डोंगरांच्या मधून एक अरुंद गल्ली उरली होती, ट्रॅक्टर मागे घेण्यापुरती. मी विश्रांतीला एका ढिगाच्या कडेला टेकले आणि उठले तेव्हा माझी निळी साडी पांढरी झाली होती. ती अजून झटकते आहे.

शेठजी मूळचे राजस्थानचे, तीन पिढ्या इथलेच. त्यांनी चहा मागवला आणि नानाची थट्टा सुरू केली. "नाना, छोरी पोलीस बनली ना, तर पहिली गाडी तुमचीच पकडेल. हॉर्न कुठाय तिला?" नाना म्हणाला, हॉर्न आहे, वाजत नाही एवढंच. मग शेठजींनी माझ्याकडे वळून सांगितलं की तीनचार वर्षांपूर्वी सकाळी इथे मुलींचा घोळका पळायचा, आणि शेठजींच्या आईला, म्हाताऱ्या बांना, ते बघत बसायला आवडायचं. एकेकीचं लग्न झालं. "ये आखरी आहे," ते म्हणाले आणि जयूला ऐकू गेलं म्हणून ओशाळले. "बेटा, मार्चनंतर ये. सगळं रिकामं करून देतो."

मार्चनंतर. जयू त्यांना हो म्हणाली. मग त्या गल्लीत तिने सरळ धावून दाखवलं, मला की स्वतःला, ठाऊक नाही. पांढऱ्या डोंगरांच्या मधून ती लांब लांब लहान होत गेली आणि टोकाला पोचल्यावर वळली. उजवीकडे.

परतताना मी बाजारात फक्कीची गोणी घेतली. नानाने ती उचलून व्हॅनमध्ये टाकली.

नरडाणा

अर्ज धुळ्याचा भरला होता, कारण जयूचा मामा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि तिथून धुळं जवळ. अमळनेरमार्गे आम्ही त्याच्याकडे मुक्कामाला गेलो. त्या रस्त्यावर माझ्या हातातून दोरी सुटली, दार सरकलं आणि पिशवी क्रमांक दोन रस्त्यावर गेली. मागच्या केळीच्या ट्रकवाल्याने ती आणून दिली आणि नानाला विचारलं, आबा, म्हातारीलाही असंच सांडणार का?

नरडाण्याचे रस्ते सुरेख आहेत. रुंद, काटकोनात छेदणारे, कडेला दिव्यांचे खांब, प्लॉटचे क्रमांक लिहिलेले फलक. मला अशी आखणी आवडते. काही प्लॉटवर कारखाने धडधडत होते, काहींवर फलक आणि बाभळी एवढंच. मी एक सपाट, मोकळा प्लॉट पाहिला. खुंटी, दोरी आणि फक्की. माझं कंबरडं वाकत नाही म्हणून जयू वाकली आणि मी सांगत गेले. पूर्ण मापाचं मैदान तिथे बसणार नव्हतं, पण दोन वळणं मी बरोबर आखली.

रखवालदार सायकल हाणत आला. रेघा पाहून त्याचा चेहरा उजळला होता. "कंपनी येऱ्हायनी का, बाई?" त्याला दोन मुलगे होते, दोघेही घरी बसलेले. नाही, पोरीच्या पळायच्या रेघा आहेत, असं सांगितल्यावर त्याने सायकल वळवून धरली. मग म्हणाला, असू द्या, पळा. इथे कुणी येत नाही.

जयू पळाली. डावीकडे. सरळ भागात ती ती होती. वळण आलं की दुसरीच कुणी तरी. उतारावरून चालताना माणूस तोल सांभाळतो तसं अंग आखडायचं आणि पाय बाहेर बाहेर जायचे. मी ओरडून सांगत होते, आत, आत. ती ऐकत होती. तिचं अंग ऐकत नव्हतं. "वळण आलं की मी उजवीकडेच असते आजी," ती धापा टाकत म्हणाली. "मी त्याला सांगते, पण ते आधीच गेलेलं असतं."

ती संध्याकाळ, दुसरा सगळा दिवस. नाना व्हॅनमध्ये बसून होता, पाठ आमच्याकडे करून. इथे कुठली देवी नव्हती, तरी त्याच्याने बघवत नव्हतं. शेवटी थांबलो तेव्हा मी रेघा पाहिल्या. वळणाची आतली रेघ जशी मारली तशीच होती, एकही पाऊल तिच्याजवळ गेलेलं नव्हतं. बाहेरची सगळी पुसली होती, आणि तिच्याही बाहेर, मातीत, पांढऱ्या पावलांची ओळ लांबपर्यंत गेली होती. जयूने ती माझ्याआधी पाहिली असावी. ती गोणीचं तोंड बांधत होती, फार नीट, माझ्यासारखी.

मामीने शेवभाजी केली होती, झणझणीत. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्याचं कारण कुणी विचारलं नाही.

धुळे

उजाडताना मैदानाच्या फाटकासमोर मुलींची रांग होती. लांबलांबून आलेल्या, सातपुड्याच्या बाजूच्या, काही अनवाणी. बापलोक रांगेच्या बाजूने चालत होते आणि मुलींच्या हातात ग्लुकोजच्या पुड्या कोंबत होते. तारा, तुझ्या स्पर्धेला आम्ही खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतं? इथे नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. फाटक बंद झालं आणि आम्ही सगळे भिंतीसमोर उभे राहिलो.

रस्त्याच्या कामासाठी आणून टाकलेला खडीचा एक ढीग भिंतीजवळ होता. त्याच्यावर चढलं की मैदानाचं एक वळण दिसायचं. तेवढंच, बाकी सगळं एका इमारतीमागे. त्या ढिगावर बापांची गर्दी होती. नानाने कुणाला तरी सांगितलं की म्हातारं माणूस आहे, आणि त्या लोकांनी मला हाताला धरून वर घेतलं. माझ्या वयाला शोभणारी गोष्ट नव्हती. खडी पायाखालून सरकत होती आणि मी दोन अनोळखी माणसांचे शर्ट घट्ट धरून उभी होते.

गोळाफेक आणि शंभर मीटर दिसलं नाही. ते तिला छान गेलं होतं, हे नंतर कळलं. मग आठशे मीटरच्या तुकड्या सुटू लागल्या. दोन फेऱ्या, म्हणजे आमच्या वळणावरून प्रत्येक मुलगी दोनदा जाणार. ढिगावर एकेक बाप आपली मुलगी दिसली की गप्प व्हायचा.

लाल रिबीन मला आधी दिसली. पहिल्या फेरीला ती पुढच्या तिघीचौघींत होती, पायांचा आवाज नसणारी ती एकटीच असणार. वळण सुरू झालं. बाकीच्या आतल्या रेघेला चिकटून वळल्या आणि जयू त्यांच्यापासून सुटली, बाहेर, आणखी बाहेर. जोर कमी नव्हता. ती जास्त जमीन पळत होती, एवढंच. मागच्या मुली आतून तिच्या पुढे निघून गेल्या आणि सगळा घोळका इमारतीमागे गेला.

दुसऱ्या फेरीला ती एकटी होती. या वेळी ती इतकी बाहेर आली की भिंतीच्या अगदी जवळून गेली, आणि म्हणूनच मला तिचा चेहरा स्पष्ट दिसला. तोंड उघडं, डोळे वळणाच्या आतल्या बाजूला लागलेले. तिला कुठे जायचं ते ती बघत होती. माझ्या शेजारी नाना कुजबुजत होता. त्याचे दोन्ही हात पुढे होते आणि तो ते वळवत होता, एसटीचं मोठं स्टिअरिंग वळवावं तसे, सगळा जोर लावून. "डावं दाब, पोरी. डावं दाब. डावं." ज्याने तिला डावीकडे वळू दिलं नव्हतं त्याचेच ते हात होते. मी त्याच्याकडे पाहणं टाळलं.

दुपारी ती बाहेर आली. मैदानाचे गुण त्याच दिवशी सांगतात. तिने आम्हाला शोधलं, नानासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नाही झालं, नाना." मग माझ्याकडे वळून, जणू मला समजुतीची गरज होती, ती म्हणाली, "सरळ होतं तोवर चांगलं गेलं, आजी."

पारोळा

धुळ्याहून गावाकडे जाताना पारोळा लागतं. नानाचा फोन वाजला. मुलाच्या वडिलांना दिवस माहीत होता. दारावरून जाताय तर चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, असा त्यांचा आग्रह. ठरलेल्या मुलीने लग्नाआधी त्या घराची पायरी चढायची नसते, म्हणून नाना एकटा आत गेला आणि आम्ही दोघी व्हॅनमध्ये बसून राहिलो. दाराची दोरी आता जयूच्या हातात होती. गाडी उभी होती, धरायची गरज नव्हती. मी तसं म्हटलं. तिने सोडली नाही.

नाना बाहेर आला तो हातात गूळ-शेवेची पुडी घेऊन. मुलाच्या आईने मुलीसाठी दिली होती, आणि निरोप, की वाईट वाटून घेऊ नको म्हणावं, प्रत्येकाच्या नशिबात खाकी नसते. चांगली माणसं आहेत. वाईट असती तर मला इथे लिहायला काही तरी मिळालं असतं.

एरंडोलच्या पुढे जयूने पुडी उघडली आणि सगळ्यांत आधी मला दिली.

पुन्हा गाव

मी निघायच्या दिवशी सकाळी धुकं होतं. जयू अंथरुणात नव्हती. सुनीता चुलीपुढे बसली होती; तिने पूर्वेकडे मान हलवली. नाना आणि मी मैदानाकडे चालत गेलो. ईशान, मला तुझ्यासाठी त्या वाटेचा फोटो काढायचा होता, मोबाईल हातात होता.

चौथऱ्याखाली बूट ओळीने ठेवलेले होते. जयू वाटेवर उभी होती. आम्ही आल्याचं तिने पाहिलं. मग तिने देवीला हात जोडले, पाठ फिरवली आणि पळायला लागली. डावीकडे. देवी डाव्या हाताला.

नाना जागच्या जागी थांबला. मी त्याच्या ओरडण्याची वाट बघत होते. गावात त्या वाटेवर त्या बाजूने जिवंत माणूस गेलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. एक फेरी झाली. ती आमच्यासमोरून गेली, खालमानेने, भराभर. दुसरी सुरू झाली.

नाना हळूहळू चौथऱ्याच्या पायऱ्या चढला. टोपी काढली. देवीपुढे डोकं टेकलं, आणि उठून त्याने देवळाची दोन्ही दारं ओढून घेतली. पितळी कडी लावली. मग दाराला पाठ लावून पायरीवर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

दारं लावायला त्याला काहीच वेळ लागला नाही.

मी फोटो काढला नाही. जयू पळत होती. तिसऱ्या की चौथ्या फेरीला तिचा डावा खांदा वळणावर आपोआप खाली गेला, आणि पाय आतल्या कडेला येऊन लागले. माझ्याजवळून जाताना ती म्हणाली, "आता जमतंय, आजी," आणि थांबली नाही.